पदवी वाढली, वेतन का घटले? मंदी, कंत्राट आणि शिकलेला तरुण

पगार घटला म्हटले की पगारपत्रकावरची कपात डोळ्यासमोर येते. गेल्या महिन्यात चाळीस हजार होते, या महिन्यात बत्तीसच जमा झाले. असेही होते, २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी ते भोगले. पण शिकलेल्या माणसाचा पगार मंदीत बहुतेक वेळा वेगळ्याच वाटेने घटतो. कधी आकडा वर्षानुवर्षे तोच राहतो आणि महागाई त्याला आतून पोखरते. कधी कायम पद रिकामे ठेवून तेच काम कंत्राटी, मानधनी किंवा तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून करून घेतले जाते. उघड कपातीविरुद्ध भांडायला निदान हातात एक कागद असतो. या दोन वाटांवर कपातीचा आदेशच निघत नाही, त्यामुळे अन्याय झाला हे सिद्ध करायचे कुठून, इथूनच अडचण सुरू होते.

आपल्या समाजातील आजचा पदवीधर तरुण याच दोन वाटांवर उभा आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे: आकडे काय सांगतात, यंत्रणा कशी चालते, त्यात जात कुठे येते आणि कायद्याचा आधार कुठपर्यंत आहे.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारचा २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवाल हा विरोधकांचा दस्तऐवज नाही. त्यातल्या आकड्यांनुसार नियमित पगारदार पुरुषाची महागाई वजा केलेली सरासरी मासिक कमाई २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये ११,८५८ रुपयांवर आली. म्हणजे ६.४ टक्के घट. पगारदार स्त्रियांची १०,११६ वरून ८,८५५ रुपयांवर आली, घट १२.५ टक्के. याच अहवालात असेही नोंदवले आहे की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्याकडील रोजगार वाढला फक्त १.५ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. मंदीच्या वर्षात मालक सांगतो, धंदा नाही, पगार कुठून देऊ? नफा परत येतो तेव्हा मात्र पगार परत येत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारत रोजगार अहवालातही हेच दिसते. २०१२ ते २०२२ या दशकात नियमित पगारदारांचे खरे वेतन दरवर्षी सुमारे एक टक्क्याने खाली आले, तर रोजंदारी मजुरांचे थोडे वाढले. मजुराची मजुरी वाढली हे चांगलेच झाले, तीही अजून पोटापुरतीच आहे. पण शिकून ज्या पायरीवर चढायचे ती पायरीच खचत असेल, तर शिक्षणावर घातलेल्या पैशाचा हिशेब बदलतो. त्याच अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती. दारात इतके पदवीधर उभे असताना आत बसलेल्याला पगारवाढ मागायचा धीर होत नाही.

हे काही पहिल्यांदा घडत नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत हिंदुस्थान सरकारने १९३१ मध्ये सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली होती. मुंबईच्या गिरण्यांत मजुरी कापली गेली आणि १९३४ मध्ये मोठा संप झाला. सुशिक्षितांची बेकारी इतकी वाढली होती की संयुक्त प्रांताच्या सरकारला त्यासाठी तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सरकारी नोकराची ती कपात पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेतली गेली, कारण पद कायम होते आणि वेतनश्रेणी जागेवर होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एका इयत्तेतील दोन शिक्षक

महाविद्यालयीन प्राध्यापकांचे उदाहरण घेऊ, कारण नेट-सेट, पीएच.डी. केलेल्या आपल्या मुलामुलींची मोठी संख्या इथे अडकलेली आहे.

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. त्याच विभागात, त्याच विषयाचा, तितकीच पात्रता असलेला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्गात जातो तेव्हा त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मानधन सांगितले. महाराष्ट्रात प्रत्यक्ष दर त्यापेक्षा कमीच राहिला आहे.

हिशेब करून पाहू. समजा तासिकेचे ९०० रुपये आणि आठवड्याला नऊ तासिका. महिन्याला ३६ तासिकांचे ३२,४०० रुपये झाले. ऐकायला वाईट वाटत नाही. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा या काळात तासिका नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. वर्षातले आठ महिने काम मिळाले असे धरले तर वर्षाचे २,५९,२०० होतात आणि बारा महिन्यांत वाटले तर महिना २१,६०० रुपये. त्यातही बिल मंजूर होऊन पैसे हातात यायला महिनोन्महिने लागतात. पेपर तपासणे, प्रवेशाच्या रांगा सांभाळणे, मूल्यांकनाच्या फायली तयार करणे या कामांना तास मोजले जात नाहीत. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच हात जोडलेली उभी राहण्याची पाळी. वय चाळिशीकडे झुकते आणि लग्न, घर, आईवडिलांचे आजारपण हे सगळे पुढच्या भरतीवर ढकलले जाते.

शाळांत याच पद्धतीला शिक्षणसेवक हे नाव आहे. ही योजना २००० साली आली. पहिली तीन वर्षे ठराविक मानधन, मग वेतनश्रेणी. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दशकभर ६,००० रुपये, माध्यमिकचे ८,००० आणि उच्च माध्यमिकचे ९,००० रुपये राहिले. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. वाढ मोठी दिसते, पण तिचा मोठा भाग मधल्या वर्षांच्या थकलेल्या महागाईचीच भरपाई होता. बी.एड. झालेली मुलगी खेड्यात खोली घेऊन सहा हजारांत कशी राहत असेल, हा प्रश्न त्या सगळ्या वर्षांत कुठल्याही शासन निर्णयाला पडला नाही.

विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे वेतनश्रेणी कागदावर असते आणि प्रत्यक्ष पगार ठोक रकमेत, तोही उशिरा. प्रवेश घटले की पहिली झळ शिक्षकांना. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून आली नाही म्हणून पगार थांबला, हे कारण संस्थांकडून हमखास दिले जाते. म्हणजे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती रखडली की शिकवणाऱ्याचाही पगार रखडतो, आणि वर्गात दोघे एकमेकांकडे बघत बसतात.

संगणकाच्या पडद्यामागे

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात आरक्षण नाही, तरी पुण्या-मुंबईतील या कंपन्यांनी आपल्या पहिल्या पिढीतील अनेक अभियंत्यांना मध्यमवर्गात आणले हे मान्य करावे लागेल. पण तिथला नवख्याचा पगार पाहा. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या अभियंत्याला वर्षाला सव्वातीन ते साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. हा आकडा दशकाहून अधिक काळ जवळपास तिथेच आहे.

ग्राहक किंमत निर्देशांकात २०१२ हे वर्ष १०० धरले, तर २०२४ मध्ये तो १९० च्या पुढे गेला. म्हणजे २०१२ चे सव्वातीन लाख टिकवायचे तर आज सहा लाखांहून अधिक हवेत. उलट बाजूने, आजच्या साडेतीन लाखांची किंमत २०१२ च्या भावाने दोन लाखांनाही पोहोचत नाही. मधल्या काळात अभियांत्रिकीची फी, हिंजवडीचे खोलीभाडे, मेसचा डबा यांपैकी काहीही थांबले नाही.

मंदीची चाहूल लागली की काय होते याचा नमुना फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसला. वर्षाला साडेसहा लाख देऊ असे कळवलेल्या नव्या अभियंत्यांना विप्रोने साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय दिला. पुण्यातील नाईट्स या आयटी कर्मचारी संघटनेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. नेमणुकीची वाट बघत महिनोन्महिने घरी बसलेल्या मुलाला असा पर्याय म्हणजे जवळपास हुकूमच. ज्याच्या वडिलांकडे आणखी सहा महिने पोसण्याची ऐपत आहे तो नाही म्हणू शकतो. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे तो होच म्हणणार.

आणि ही सुरुवातीची घट लवकर पुसली जात नाही. कॅनडात फिलिप ओरिओपोलस आणि सहकाऱ्यांनी पदवीधरांच्या अनेक वर्षांच्या कमाईचा अभ्यास केला. मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई साधारण नऊ टक्क्यांनी कमी होती आणि ती भरून यायला दहाएक वर्षे लागली. ज्यांना नोकऱ्या बदलत चांगल्या कंपनीत जाता आले ते सावरले. कमी वजनाच्या पदव्या असलेले मात्र कायमचे मागे राहिले. कॅनडात जात नाही. आपल्याकडे नोकरी बदलण्यासाठी जे नातेगोते, जी ओळख, जो शिफारशीचा फोन लागतो, तो कोणाकडे असतो हे सांगायला नको.

जात कुठे येते

मंदी सगळ्यांना सारखी लागते, असे म्हणणाऱ्यांनी दोन अभ्यास पाहावेत. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यावर बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली. त्याच वर्षीच्या एस. मधेश्वरन आणि अॅटवेल यांच्या अभ्यासात शहरी पगारदारांमध्ये सारखी पात्रता असूनही अनुसूचित जाती-जमातींना भेदभावामुळे सुमारे पंधरा टक्के कमी वेतन मिळते असे दिसले. मालकाला शंभर अर्जांतून एक निवडायचा असतो तेव्हा पूर्वग्रह त्याला महाग पडत नाही. मंदीत अर्जांची रास वाढते, म्हणजे पूर्वग्रह आणखी स्वस्त होतो.

सरकारी बाजूला यंत्रणा वेगळी आहे. संविधानाचे कलम १६(४) आणि राज्यातील अनुसूचित जातींचे १३ टक्के आरक्षण यांची अंमलबजावणी बिंदुनामावलीवर होते, आणि बिंदुनामावली चालते पदावर. पद भरलेच नाही तर बिंदूही रिकामा राहतो. केंद्राच्या कार्मिक विभागाचे धोरण ४५ दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे असे सांगते. पण काम थेट एजन्सीकडे सोपवले की नेमणूक सरकारची राहतच नाही. एका निर्णयात पगार, आरक्षण आणि निवृत्तिवेतन तिन्ही जातात. कपातीचा सरकारी मार्ग हा आहे, आणि तो काटकसरीच्या नावाने येतो.

६ सप्टेंबर २०२३ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आठवा. नऊ खासगी संस्थांमार्फत अतिकुशल ते अकुशल मनुष्यबळ घेण्याची मुभा त्यात होती. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. दीड महिन्यात शासन निर्णय मागे घ्यायला लावणे ही लहान गोष्ट नाही. अर्थात शासन निर्णय रद्द झाला, कंत्राटाची पद्धत रद्द झाली नाही.

टाळेबंदीतला फरकही बोलका आहे. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने अ आणि ब वर्गाच्या कर्मचाऱ्यांना निम्मा पगार तेव्हा आणि उरलेला नंतर देण्याचे ठरवले. खासगी क्षेत्रासाठी केंद्राने २९ मार्चला पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला, पण तो १८ मे पासून मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात वाटाघाटी कराव्यात असे म्हटले. बंद शाळेतला विनाअनुदानित शिक्षक कोणाशी वाटाघाटी करणार होता? १९३१ सारखेच झाले. ज्याचे पद कायम होते त्याचा पगार फक्त थांबला होता. ज्याचे पद कायम नव्हते त्याचा बुडाला.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. त्यातला एक विसरून दुसऱ्याशी लढता येत नाही, हे वेतनाच्या प्रश्नावर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित कुठे दिसते. तथागतांच्या उपदेशातही वेतन ही मेहेरबानी नाही. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगताना शक्तीनुसार काम, अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळच्या वेळी सुट्टी यांचा उल्लेख येतो. कूटदन्त सुत्तात राज्यातील लूटमार थांबवायला शिक्षा पुरत नाही, शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवेतील माणसाला वेतन द्या, असा सल्ला आहे. विहारात हे सुत्त वाचले जाते तेव्हा आपल्याच वस्तीतल्या कंत्राटी नर्सच्या पगाराची चर्चाही तिथे व्हायला हरकत नसावी.

कायद्याचा आधार किती

२००६ चा उमादेवी निकाल कंत्राटी माणसाला नेहमी दाखवला जातो: मागच्या दाराने आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. पण कायम करणे आणि समान वेतन देणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २६ ऑक्टोबर २०१६ च्या जगजितसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणारा तात्पुरता कर्मचारी त्या वेतनश्रेणीच्या किमान वेतनास पात्र आहे.

त्याहून जवळचा निकाल २२ ऑगस्ट २०२५ चा आहे. गुजरातमधील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना ३०,००० रुपये मिळत होते, तेच काम करणाऱ्या नियमित प्राध्यापकांना लाखाच्या वर. न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन आणि याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांची थकबाकी आठ टक्के व्याजासह देण्याचा आदेश दिला. आपल्याकडील तासिका तत्त्वाची रचना वेगळी आहे, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असे कोणी गृहीत धरू नये. पण वकिलाकडे जाताना तो सोबत न्यावा.

खासगी क्षेत्रात पहिला प्रश्न असतो, तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार आहात का? शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखालील कामगार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. म्हणून शाळेतील शिक्षकांना १९७७ च्या खासगी शाळा सेवाशर्ती कायद्याचा, महाविद्यालयांतल्यांना विद्यापीठ कायद्याचा आणि शेवटी उच्च न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. अभियंत्याचे तसे नाही. तांत्रिक काम कामगाराच्या व्याख्येत येते, आणि ओळखपत्रावरच्या मॅनेजर या शब्दापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता याला महत्त्व आहे. कामगार ठरलात तर वेतनात बदल करण्यापूर्वी मालकाला २१ दिवसांची सूचना द्यावी लागते. ही तरतूद जुन्या कायद्यात कलम ९अ म्हणून होती आणि औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. कामगार संघटनांचा त्यांना विरोध आहे आणि तो सकारण आहे, कारण कामावरून कमी करणे मालकाला पूर्वीपेक्षा सोपे झाले. पण वेतन संहितेतल्या काही गोष्टी वापरण्याजोग्या आहेत. व्यवस्थापकीय आणि तांत्रिक काम करणारेही तिच्या कक्षेत येतात, पूर्वीची २४,००० रुपयांची मर्यादा राहिलेली नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे आणि नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब झाला पाहिजे. थकीत वेतनाचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर एक वर्ष झाले तरी ग्रॅच्युइटीचा हक्क येतो.

दावा कागदावर टिकतो. म्हणून नेमणूकपत्र मागून घ्यावे, पगार बँकेतच घ्यावा, आणि कपात मान्य आहे असे पत्र सहीला आले तर सही करण्याआधी त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी. सही करावीच लागली तर हक्क राखून ठेवून सही करत आहे एवढे वाक्य हाताने लिहावे. तासिकेवर असणाऱ्यांनी रोजच्या तासिका, परीक्षेचे काम, प्रवेशाचे काम यांची तारीखवार वही ठेवावी आणि शक्य तिथे विभागप्रमुखाची सही घ्यावी. एजन्सीमार्फत नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होते का, हे मोबाईलवर पाहता येते. आणि एकट्याने अर्ज देण्यापेक्षा त्याच महाविद्यालयातील, त्याच कंपनीतील पाच-दहा जणांनी एकत्र दिलेला अर्ज साहेबाच्या टेबलावर वेगळ्या रीतीने वाचला जातो.